अमेरिकेत फोस्टर पेरेंट व्हायला ट्रेनिंग किती असतं? आमची दोन मुलं मोठी झालीत, तरी करावंच लागेल का?

हो, करावंच लागतं. फोस्टर पेरेंट म्हणजे स्वतःच्या आईवडिलांकडे राहू न शकणारं मूल सरकारच्या वतीने तात्पुरतं आपल्या घरी सांभाळणारे पालक. स्वतःची मुलं वाढवलीत म्हणून सूट मिळत नाही आणि माझ्या मते मिळूही नये.

मूल फोस्टर पालकांच्या घरी पाठवण्याआधी त्यांची तयारी करून घ्या एवढं फेडरल कायदा सांगतो, पण तास किती ते राज्य ठरवतं. आम्ही कॅलिफोर्नियात आहोत, इथे मंजुरीआधी कमीत कमी 12 तास आणि नंतर दरवर्षी 8 तास, काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) किंवा एजन्सी याहून जास्तही मागू शकते. शिवाय सीपीआर (श्वास किंवा हृदय बंद पडलं तर द्यायचे तातडीचे उपचार) आणि फर्स्ट एडचं ट्रेनिंग वेगळं. काही राज्यांत मॅप नावाचा कोर्स असतो, तो 30 तासांच्या आसपास जातो, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राचं ऐकून हिशोब मांडू नका.

आता शिकवतात काय, तर डायपर-दूध नाही हो. बराचसा वेळ ट्रॉमावर, म्हणजे मुलाच्या मनावर झालेल्या आघातावर जातो. म्हणजे पोटभर जेवलेलं मूल पण उशीखाली पोळी लपवून ठेवतं, किंवा आईला भेटून आलं की दोन दिवस घर डोक्यावर घेतं, तेव्हा ते उद्धटपणा करत नसतं, घाबरलेलं असतं, आणि आपण तिथे काय बोलायचं, काय नाही हे शिकवतात. हात उगारायला पूर्ण बंदी, एक चापटसुद्धा नाही, आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना इथेच अडतं. मित्राकडे रात्री राहू द्यायचं का, शाळेच्या ट्रिपला पाठवायचं का असले रोजचे निर्णय 2014 च्या कायद्यापासून फोस्टर पालक घेऊ शकतात, त्याचंही ट्रेनिंग असतं.

मला सगळ्यात जड गेला तो जन्मदात्या आईवडिलांवरचा भाग. बहुतेक केसेसमध्ये पहिला प्लॅन मूल परत त्यांच्याकडे जाण्याचाच असतो, तुम्ही त्यांच्या विरुद्ध पार्टीत नसता, त्यांना मदत करायची असते. हे जमणार नसेल तर क्लासमध्येच कळलेलं बरं, मूल घरी आल्यावर कळून काय उपयोग.

फिंगरप्रिंट घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे घेतात, म्हणजे तुमची मुलं 18 च्या वर असून घरीच राहत असतील तर त्यांचेही. आधी काउंटीच्या ओरिएंटेशनला (सुरुवातीच्या माहिती-बैठकीला) जाऊन या, संध्याकाळचे किंवा वीकेंडचे क्लास आहेत का ते विचारा, आणि अर्ज दोघांच्या नावाने असेल तर ट्रेनिंगही दोघांना, "ही करेल, मी सही करतो" चालत नाही.