कोल्हापूरहून शनिवार-रविवारी वाइनरी बघायला नाशिकला जावं का?

नाही. दोन दिवसांत नाशिकचा नाद सोडा, अकलूजला जा.

नवरा-बायको दोघंच, शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री घरी, नाशिक बरं की जवळ काही आहे, आणि खर्च किती, असं तुम्ही विचारलंय. नाशिक इथून साडेचारशे किलोमीटरच्या घरात. मध्ये पुणं, पुढं चाकणचं ट्रॅफिक. नऊ तास धरा. पोचून अंग टेकलं की शनिवार संपला, आणि रविवारी नाष्टा झाला की परत गाडीत. अकलूज दोनशेच्या आसपास. मिरजेवरून सांगोल्यापर्यंत हायवे, पुढं महूद, वेळापूर करत पोचता. वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे, ते चुकवू नका. वाइनरी फ्रॅटेलीची, माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा भावाभावांनी मिळून काढलेली. संजोवेसे हे इटलीचं वाण सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात वाढताना दिसेल. त्यात कॅबर्ने हे फ्रेंच वाण मिसळून ते ‘सेट्टे’ नावाची रेड वाइन करतात, ती जरूर चाखा.

एवढं ठासून सांगतोय त्याला कारण माझा साडू.

साडू पुण्याचा. त्याच्या लेखी महाराष्ट्रात वाइन म्हणजे नाशिक, बाकीची सगळी खायची द्राक्षं. एका फेब्रुवारीत त्याच्याच हट्टानं आम्ही सगळे नाशिकला गेलो. बरोबर आमचा थोरला मेहुणा होता, तासगाव तालुक्यातला बागायतदार, तीस वर्षं द्राक्षात घालवलेला माणूस. थॉम्पसन ह्या खायच्या बिनबियांच्या द्राक्षातून निवडलेलं तास-ए-गणेश हे वाण ह्याच तालुक्यानं दिलं, हे साडूच्या गावीही नाही. गाडीत त्यानं ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा याचा तास घेतला आणि मेहुण्याला म्हणाला, “अण्णा, तुम्ही आपली पेटी भरा, वाइनमधलं तुम्हाला कळायचं नाही.” मेहुणा हसला. मला नाही हसू आलं.

वाइनरीवर शनिवारची जत्रा. नाव सांगत नाही, तिथं सगळीकडंच तशी असते. गाइड पोरगा पाठ केलेलं म्हणून मोकळा झाला आणि काही प्रश्न आहेत का म्हणाला. मेहुण्यानं विचारलं, “एकरी माल किती धरता? पाणी कधी तोडता? ब्रिक्स किती आल्यावर काढणी?” ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. पोरगं गडबडलं. बागेच्या सुपरवायझरला फोन गेला, आणि मग ते दोघं जे ओळीत शिरले ते बाहेर यायचं नाव घेईनात. मी मागनं ऐकत होतो.

खायच्या द्राक्षाला जीएमध्ये, म्हणजे जिब्रेलिक अ‍ॅसिड ह्या वाढीच्या औषधात, बुडवून मणी फुगवतात. ह्या घडांना जीए नाही, मणी बारकाच हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो आणि मणी जितका बारका तितकी रसाच्या मानानं साल जास्त. आपला माल अठराच्या आसपास ब्रिक्स आली की पेटीत जातो, इथं 22-24 पर्यंत वेलीवरच ठेवतात, त्याच साखरेचं पुढं अल्कोहोल होतं. छाटण्या मात्र त्याच दोन, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची. युरोपात वेल थंडीत झोपतो, आपल्याकडं झोपत नाही, म्हणून दोनदा छाटून पीक एकदाच घ्यायचं. ज्यावर कलम करतात तो खुंटसुद्धा तोच, डॉगरिज. सुपरवायझर शेवटी मेहुण्याचा नंबर घेऊन गेला.

टेस्टिंगला साडूनं रेडमध्ये नाक घातलं. “ब्लॅकबेरी!” मेहुणा शांतपणे म्हणाला, “दाजी, ब्लॅकबेरी खाल्लीय का कधी?” पुढची व्हाइट आली, सोव्हिन्यों ब्लाँ. मेहुण्यानं वास घेतला. “ढोबळी मिरची.” साडू हसला. कार्डावर तेच छापलेलं होतं.

तेव्हा वाइन कळायला पुण्याचा पत्ता लागतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आपल्या भागात वाइनरीचं पर्यटन नाही त्याचं कारण द्राक्ष नव्हे. 2001च्या धोरणात सरकारनं नाशिककडच्या विंचूरबरोबर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पलूसलाही वाइन पार्क दिलं होतं. मुंबईच्या लोकांना नाशिक सोयीचं, पलूसला कोण येणार? गिऱ्हाईक तिकडं गेलं, एवढंच.

जायचं तर जानेवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, काढणीच्या दिवसांत. पावसाळ्यात वेलीवर घड नसतात, आणि आषाढी वारीत तर अजिबात नको, तुकोबांची पालखी अकलूजवरून आणि माउलींची माळशिरसवरून जाते. रस्ते वारकऱ्यांचे असतात, ते बरोबरच आहे. येताना कवठेमहांकाळच्या बाजूला रस्त्यालगत बेदाण्याची शेड दिसतील. थांबून विचारा, कुणी हाकलत नाही, उलट मूठभर बेदाणे हातावर ठेवतील.

आणि बाटली घरी आणून तांबड्या रश्श्याबरोबर उघडणार असाल तर साडूचं ‘मटणाबरोबर रेडच’ विसरा. रेडचा तुरटपणा आणि अल्कोहोल तिखट आणखी पेटवतात, जीभ भाजून निघते. गार केलेली, जरा गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट घ्या. पांढऱ्या रश्श्यालाही तीच चालते.

आता राहिलेलं. वाइनरीला आधी फोन करून वेळ ठरवा, तशीच गाडी दामटू नका. राहायचंही तेव्हाच विचारा, खर्चाचा आकडा मी देत नाही, दर सीझनप्रमाणं हलतात. 26 जानेवारीला जोडून बेत आखू नका, ड्राय डे असतो. निवडणूक लागली असेल तर तारखा बघा. वाइनला वय 21 लागतं. दोघांपैकी एकानं चाखायचं नाही, नाहीतर ड्रायव्हर घ्या, सांगोल्याच्या रस्त्यावर रात्री उसाचे ट्रॅक्टर बिनलाइटचे असतात.

साडूचं एक मात्र कबूल करतो. तुम्हाला द्राक्षापेक्षा लॉन, गाणी, पिझ्झा आणि फोटो हवे असतील तर नाशिकच बरं, अकलूजला तसलं काही नाही. फक्त मग सोमवारची रजा टाका.