जुना चेउंगसाम: आतली बाजू आधी बघा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न: हाँगकाँगला बरीच वर्षं राहिलेल्या मावशींकडून निळ्या रेशमाचा चेउंगसाम (चिनी स्त्रियांचा उंच कॉलरचा लांब झगा) मिळाला. तो १९३०च्या सुमाराचा आहे असं सांगतात. खरं कसं ओळखायचं? (मुलुंड)

कपडा उलटा करा आणि भरपूर उजेडात आतली बाजू बघा. वरची नक्षी फसवू शकते, पण शिवण खरं सांगते.

पहिली खूण खांद्याची. १९२०च्या दशकात शांघायमध्ये हा पेहराव रुजला तेव्हा तो सैल आणि सपाट बेतला जाई. कापड खांद्यावर दुमडायचं आणि पुढचा भाग, पाठ, बाही सगळं एकसंध कापायचं. त्यामुळे खांद्यावर शिवण नाही, मुंढ्याला जोड नाही, छातीला टक्स नाहीत. १९३०च्या दशकात तो अंगासरसा झाला, घोट्यापर्यंत लांबला, कॉलर उंच चढली, पण बेतणी मुळात तीच राहिली. अंगाचा बाक साधला जाई तो बाजूच्या शिवणीला दिलेल्या वळणाने आणि इस्त्रीने: कंबरेच्या कडेला कापड वाफेवर ताणायचं, पोटाशी आक्रसून घ्यायचं. टक्स नसताना अंगावर नीट बसलेला असा कपडा हातात घेतला की शिंप्याचं कसब कळतं.

१९४९च्या सुमारास शांघायचे बरेच शिंपी हाँगकाँगला गेले. तिथे १९५०-६०च्या दशकांत पाश्चात्त्य बेतणी मिसळली: खांद्यावर शिवण, वेगळी लावलेली बाही, छातीला आणि कंबरेला टक्स, बाजूला धातूच्या दातांची चेन. हे सगळं तुमच्या कपड्यात असेल तर तो या काळातला समजा. किंमत त्याने कमी होत नाही, हाँगकाँगचं उत्तम काम याच काळातलं आहे. चेन मात्र नंतरही बदललेली असते. तिच्या कडेला जुन्या टाक्यांची भोकं किंवा टिचबटणांचे गोल ठसे दिसतात का ते बघा. मायेच्या, म्हणजे शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाच्या, कडा हाताने गुंडाळून शिवलेल्या असतील तर चांगलं लक्षण. सगळीकडे ओव्हरलॉक (मशीनने कडेवर घातलेली शिलाई) असेल तर माल बहुधा अलीकडचा.

रेशीम ओळखायला मायेच्या सुट्या कडेचे दोन-तीन धागे चिमट्यात धरून जाळा. जळक्या केसांचा वास येऊन राख बोटांत चुरडली तर रेशीम. कागदासारखा वास आला तर रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर बहुधा पॉलिएस्टर, आणि तसं असेल तर १९३०चा प्रश्नच मिटला. रेयॉन निघालं तर हिरमुसू नका, १९३०च्या दशकातही ते भरपूर वापरलं जाई.

प्रश्न: चेउंगसाम आणि चिपाओ एकच का? (बेळगाव)

आज तरी एकच. ‘चेउंगसाम’ हा कँटनीज शब्द, अर्थ ‘लांब अंगरखा’. ‘चिपाओ’ हा मँडरिन शब्द, तो मांचूंच्या (चीनवर राज्य केलेल्या चिंग घराण्याच्या लोकांच्या) ‘ध्वज’ पथकांच्या झग्यावरून आला. १९२९मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारने हा पेहराव स्त्रियांच्या औपचारिक पोशाखात घेतला. हाँगकाँगची चेउंगसाम शिवण्याची कला २०२१मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

प्रश्न: गळ्याजवळचं एक फुलाचं कापडी बटण उसवलंय आणि त्याची जोडी हरवली आहे. घरी करता येईल का? (कोथरूड, पुणे)

येईल, पण आधी चार-पाच वाया घालवायची तयारी ठेवा, आणि सराव जुन्या साटीनच्या तुकड्यावर करा.

या बटणांना ‘पानकोउ’ म्हणतात: दुमडलेल्या कापडी पट्टीचं, एका बाजूला गाठ आणि दुसऱ्या बाजूला फास. पट्टी उरेबच हवी, म्हणजे कापडाच्या ४५ अंशांत कापलेली, रुंदी २ ते २.५ सेंमी. उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी वळणावर मोडते आणि चुण्या पडतात. पट्टीच्या मागे गव्हाच्या पिठाची पातळ खळ हलक्या हाताने लावा. ती पूर्ण सुकू द्या, मग इस्त्री करा. खळ ओली जास्त झाली तर साटीनच्या पुढच्या बाजूला डाग उमटतो, आणि तो जात नाही.

साध्या बटणासाठी पट्टीच्या दोन्ही कडा मध्याकडे दुमडा, पुन्हा एक घडी घाला आणि कडेने बारीक अदृश्य टाक्यांनी बंद करा. दोरी बारीक झाली पाहिजे. गाठीच्या बाजूला साधारण २५ सेंमी दोरी लागते, फासाला १२ ते १४. गाठ आधी सैल विणायची, मग सुईच्या टोकाने एकेक वेटोळं क्रमाने ओढत घट्ट करायचं. दोन टोकं धरून एकदम खेचली तर गाठ लांबट होते आणि फासातून सारखी निसटते. शिवणीचा जोड कायम खाली, कापडाकडे राहिला पाहिजे.

फुलाच्या बटणात घडीच्या आत बारीक तांब्या-पितळेची तार असते. तीच पाकळीचा आकार धरते. चिमट्याने पट्टी वळवायची, वेटोळी मागून टाक्यांनी एकमेकांना बांधायची, आणि पाकळीच्या पोकळीत रेशमात गुंडाळलेला कापसाचा बोळा भरायचा. तार जाड घेतली तर कापड घासून टोक बाहेर येतं. शिल्लक असलेलं बटण वहीच्या कागदावर ठेवून रेघ मारून घ्या. आरशातल्यासारखी उलटी जोडी करायची असेल तर कागद उलटा करून तीच रेघ वापरा. शक्य असेल तर पट्टीचं कापड खालच्या दुमडीतून घ्या, नवं साटीन जुन्याशेजारी उठून दिसतं.

प्रश्न: बटणांभोवती हिरवट डाग येत आहेत, कॉलरला कसरही लागली आहे. (गिरगाव)

दोन्हींचं कारण आतच आहे. बटणातली तार दमटपणात गंजते आणि कापडात हिरवा डाग उतरतो. कॉलर आणि गोट (कडेला लावलेली पट्टी) ताठ राहावेत म्हणून खळ लावलेली असते, आणि कसरीला तेच हवं असतं. पावसाळ्यात मुंबईची हवा अनेकदा ८० टक्क्यांच्या वर दमट असते, त्यामुळे नुकसान जलद होतं.

हिरवा डाग लिंबाने किंवा साबणाने काढू नका. बटणाखाली बिनखळीच्या, धुतलेल्या मलमलीचा तुकडा ठेवून धातू आणि कापड वेगळं करा. कपडा आधी कोरड्या मऊ ब्रशने, मग नायलॉनच्या जाळीवरून व्हॅक्यूम क्लीनरच्या मंद सक्शनने साफ करा. नंतर पैठणीसारखाच मलमलीत गुंडाळा, घड्यांत मलमलीच्या वळकट्या भरा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदला. डांबरगोळ्या पुरचुंडीत, कपड्याला न लागतील अशा ठेवा. हँगरवर टांगू नका. सगळा भार खांद्यावर आणि गळ्याच्या तिरक्या उघडणीवर येतो, आणि तिथेच कापड आधी फाटतं. बोट लावल्यावर रेशीम चिरत असेल, किंवा घडीवर सरळ भेगा पडल्या असतील तर ड्रायक्लीनही नको. असं रेशीम पूर्वी वजन वाढवायला कथिलाच्या क्षारांनी भारलेलं असू शकतं, आणि ते आपोआप तुटत जातं.

प्रश्न: लेकीला जुना चेउंगसाम लग्नाच्या स्वागत समारंभात घालायचा आहे, पण छातीत ३ सेंमी कमी पडतो. (नाशिक)

जुने शिंपी बाजूला चांगली माया ठेवत, म्हणून आत मोजून बघा. दोन्ही बाजूंना १ सेंमी सुटली तर पुढे-मागे मिळून सुमारे ४ सेंमी मिळतात. पण उसवण्याआधी दोन गोष्टी तपासा. मायेचा रंग बाहेरच्या कापडापेक्षा गडद असेल तर उसवल्यावर पट्टा दिसेल. आणि जुन्या शिवणीच्या सुईची भोकं रेशमात बुजत नाहीत. बाजूच्या गोटापर्यंत शिवण जात असेल तर तिथेच थांबा. गोट उरेब पट्टीचा असतो, तो बाकावर हलका ताणून आणि उठावावर सैल सोडून शिवलेला असतो. पुन्हा बसवताना चुकला तर कड एकतर आक्रसते, नाहीतर लाटा धरते.

खरं सांगायचं तर इतका जुना कपडा एका समारंभासाठी उसवू नये. त्यावरून कागदी पॅटर्न घ्या आणि नवं रेशीम शिवा. नव्याचे बाजूचे कट मुलीला खुर्चीत बसवूनच ठरवा. उभं राहून ठरवलेला कट बसताना वरच्या टोकाशी फाटतो, म्हणून तिथे आतून मजबूत टाके घाला.