फाईल लेखी मागा, आणि उद्याच मागा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग झोपच लागली नाही. बाळ चार महिन्यांचं, जन्मल्यावर रडलं नाही, अकरा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं, अजून मान धरत नाही. आणि हॉस्पिटलात कागद मागायला गेलं की उत्तर मिळतं, ‘फाईल ऑडिटला गेली आहे, पुढच्या आठवड्यात या.’ आम्ही हे वाक्य सात महिने ऐकलं. आमच्या वेळी ऑडिटच्या जागी इन्शुरन्स होतं, एवढाच फरक.

मी वकील नाही, डॉक्टरही नाही. माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही, आणि तिच्यासाठी आम्ही ग्राहक आयोगात गेलो, त्यातून जे कळलं तेवढंच सांगते. ग्राहक आयोग म्हणजे काय, तक्रार कशी लिहितात, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मला फाईलबद्दल बोलायचंय, कारण आमचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं.

डिस्चार्जच्या दिवशी आम्हाला दोन पानांची समरी मिळाली. आम्हाला वाटलं, हीच फाईल. तिच्यात एवढंच होतं की बाळाचे ठोके कमी झाल्याने सिझेरियन केलं. पहाटे किती वाजता ठोके घसरले, कळा वाढवायची ड्रिप कधी लावली, मोठ्या डॉक्टर कधी पोहोचल्या, यातलं काहीच नाही. घरी मात्र एक कागद आला होता. पहाटे पोटाला पट्टा लावून ठोक्यांची जी पट्टी काढतात, ती एनएसटीची मूळ पट्टी सिस्टरने माझ्या ओपीडीच्या कागदांत ठेवली होती. तिसऱ्या खेपेला रेकॉर्डच्या खिडकीवरच्या माणसाने माझ्या नवऱ्याला सांगितलं, ‘तुमच्याकडे जे कागद आहेत ते द्या, मॅडमना दाखवतो, म्हणजे फाईल लवकर निघेल.’ यांनी देऊन टाकले. पोच घेतली नाही, झेरॉक्स नाही, साधा मोबाईलवर फोटोसुद्धा नाही. ती पट्टी आम्हाला परत कधीच दिसली नाही.

त्या दिवशी यांना काही बोलले नाही. मूल एनआयसीयूतून नुकतं घरी आलेलं, समोरचा माणूस गोड बोलतोय, कोण संशय घेईल? पण पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मत मागायला गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. पट्टी कुठे आहे? पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकलं त्याचा वेळेसह तक्ता, कुठे आहे? ते पाहिल्याशिवाय बाळाला त्रास कधी सुरू झाला आणि सिझेरियनला किती उशीर झाला, हे मी कशावरून सांगू? त्यांचं बरोबरच होतं.

म्हणून ताई, घरात जो कागद असेल त्याचे आजच फोटो काढा, मागच्या बाजूचेसुद्धा. एनएसटीची पट्टी असेल तर आधी ती. ती बऱ्याचदा थर्मल कागदावर असते, बसच्या तिकिटासारखी, आणि वर्षभरात पुसट होत जाते. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, आयोगाने मागितला तरच द्या.

मग लेखी अर्ज. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात, आणि आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपाव्या लागतात. हे नियम आम्हाला सात महिन्यांनी कळले. तोंडी मागण्याचा पुरावा राहत नाही, त्यामुळे आमच्या चौदा-पंधरा खेपा कागदावर शून्य ठरल्या. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने त्याच दिवशी पाठवा. ‘पूर्ण फाईल द्या’ एवढंच लिहू नका, एकेक नाव लिहा: दाखल करतानाचा केस पेपर, पार्टोग्राफ, ठोक्यांच्या सगळ्या पट्ट्या, सिस्टरच्या तिन्ही पाळ्यांच्या नोंदी, ड्रिप आणि इंजेक्शनांचा तक्ता वेळेसह, संमतिपत्रं, ऑपरेशन आणि भुलीच्या नोंदी, बाळाचा अपगार स्कोअर (जन्मल्यावर लगेच बाळाची स्थिती पाहून देतात ते गुण), नाळेच्या रक्ताची तपासणी केली असेल तर तिचा रिपोर्ट, बाळाला श्वास देण्यासाठी काय काय केलं त्याची नोंद.

आमच्या वकिलांनी असा अर्ज दिल्यावर विसाव्या दिवशी ४१ पानं आली. पार्टोग्राफ नाही, पट्ट्या नाहीत. तिन्ही पाळ्यांच्या नोंदी एकाच अक्षरात आणि एकाच शाईत. मी त्या रात्री तिथे होते, तीन वेगळ्या सिस्टर होत्या. मला त्यांचे चेहरे अजून आठवतात.

आम्हाला थोडाफार आधार मिळाला तो दुसऱ्याच ठिकाणी. लेकीला जिथे जन्म झाला तिथून मोठ्या एनआयसीयूत हलवलं होतं, आणि तिथल्या डॉक्टरांनी दाखल करताना आल्याची वेळ, बाळाचा रंग, झटके, सगळं स्वच्छ लिहून ठेवलं होतं. तुमच्याही बाळाला हलवलं असेल तर दोन्हीकडून फाईल मागा. वेळ महत्त्वाची, कारण मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळाला शरीर थंड ठेवण्याचा उपचार द्यायचा तर तो साधारणपणे जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू करावा लागतो. उशिरा हलवलं का, हा प्रश्न तिथूनच निघतो.

इथे एक कटू गोष्टही सांगते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याचशा मुलांच्या बाबतीत कारण प्रसूतीत नसतंच. गर्भातच काही घडलेलं असतं, संसर्ग असतो, अपुऱ्या दिवसांचा जन्म असतो. मूल जन्मताना रडलं नाही म्हणजे डॉक्टर दोषी, असं धरून चालू नका. म्हणून तर कागद हवेत. कागद पाहून तज्ज्ञ म्हणाले की इथे चूक नव्हती, तर तेही कळलेलं बरं. मला आजही रात्री प्रश्न पडतो आणि त्याचं पूर्ण उत्तर मला कधीच मिळणार नाही, ते त्या पट्टीबरोबर गेलं.

आता मार्ग. माझं मत ठाम आहे, पण मत म्हणूनच घ्या.

खासगी हॉस्पिटल असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं. निदान उशिरा झालं म्हणून मुदत उशिरा सुरू होते, असा युक्तिवाद करता येतो, उशीर माफही होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका, जन्मतारखेपासूनच मोजा. आम्ही मुदतीला २३ दिवस उरलेले असताना तक्रार दाखल केली, कारण सात महिने खिडकीसमोर गेले. भरपाई मोठी मागायची म्हणून राज्य आयोगात जावं लागेल, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. २०१९ च्या कायद्यात तुम्ही हॉस्पिटलला किती पैसे दिलेत ते पाहतात. ती रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तक्रार बाळाच्या नावाने पालकांमार्फत करा आणि आई-वडील म्हणून तुमचीही वेगळी मागणी घाला. आजारी मूल आणि त्याचे पालक दोघंही ग्राहक आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलंय. पुढचा खर्च मागताना महागाई धरा. तमिळनाडूत सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या एका मुलीच्या डोळ्यांची तपासणी न झाल्याने तिची दृष्टी गेली, त्या २०१५ च्या निकालात न्यायालयाने महागाई धरून हिशोब केला आणि रक्कम सुमारे १ कोटी ८० लाख झाली. फिजिओथेरपीचं, रिक्षाचं, औषधाचं प्रत्येक बिल डब्यात टाकत जा.

जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा सरकारी रुग्णालयात बाळंतपण झालं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाप्रमाणे ग्राहक आयोगाचं दार बंद. मग दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय. सरकार हात झटकू शकत नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये बाळंतपणानंतरच्या शस्त्रक्रियेत पोटात कापड राहून एक बाई गेली, त्यात राज्य सरकार जबाबदार असल्याचं १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. तारखा पाहा आणि मन घट्ट करा.

पोलिसांत आधी जाऊ नका, असं मला वाटतं. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो आणि आधी तटस्थ डॉक्टरचं मत लागतं. तिथे अडकलात तर वर्ष जाईल. तोडफोड, आरडाओरडा तर अजिबात नको. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे, गुन्हा तुमच्यावर दाखल होईल आणि बाळाची केस बाजूला पडेल. महाराष्ट्र वैद्यक परिषदेत तक्रार जरूर करा, पण ती डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई करते, भरपाई देत नाही.

वकिलांची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आमचे दागिने गेले.

आमचा निकाल? नोंदी न देणं ही सेवेतली त्रुटी, एवढं आयोगाने मान्य केलं, आणि कागद दडवल्याबद्दल काही निष्कर्ष हॉस्पिटलच्या विरोधात काढले. पण मेंदूची इजा उशिरामुळेच झाली, हे पुरेसं सिद्ध झालं नाही, म्हणून रक्कम अगदी थोडी. दोन्ही बाजूंचं अपील राज्य आयोगात पडून आहे.

अजून दोन गोष्टी. केसची वाट न पाहता उपचार सुरू करा. बहुतेक जिल्ह्यांत डीईआयसी, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, तिथे थेरपी मोफत होते. आणि कोणी वाचत असेल ज्यांच्या बाळाचा जन्मताना खांदा अडकला आणि हात लोंबतोय, त्यांनी तीन महिन्यांत कोपर वाकत नसेल तर नसांच्या सर्जनला दाखवाच, नंतर वेळ निघून जाते. निदान पक्कं झालं की यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजनाही आहे, वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा, सेरेब्रल पाल्सीला लागू.

अर्जाचा मसुदा लिहून झाला की नावं झाकून मला पाठवा, कोणता कागद मागायचा राहिलाय ते मी बघते. उद्या सोमवार आहे, हॉस्पिटलचं ऑफिस उघडं असेल.