लग्नाची सजावट आणि हंगामी फुले

प्रश्न : डिसेंबरमध्ये गोरेगावला मुलीचे लग्न आहे. सजावटकार ऑर्किड आणि लिलियम सुचवतात, तर सासूबाईंना आपलीच फुले हवी आहेत. हंगामी, जवळपास पिकलेल्या फुलांचा खरोखर काही फायदा होतो का?

उत्तर : होतो, आणि तो सर्वप्रथम ताजेपणात दिसतो. आपल्याकडे येणारी बरीच ऑर्किड थायलंडहून विमानाने येतात आणि वाटेत त्यांना सतत थंडावा पुरवावा लागतो, ज्याचा खर्च शेवटी आपल्याच बिलात येतो. याउलट पुणे, नाशिक भागांतल्या शेतांतून रात्री निघालेली फुले पहाटे दादरच्या फूलबाजारात पोहोचलेली असतात. डिसेंबरात शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर आणि निशिगंध मिळतात. थंडीत शेवंती विशेष खुलते, शिवाय ती मांडवात दिवसभर टवटवीत राहते, म्हणून मुख्य सजावट तिचीच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. मोगऱ्याचा हट्ट मात्र धरू नये, कारण त्याचा बहर उन्हाळ्यातला असून थंडीत तो दुर्मीळ आणि फार महाग होतो; गजऱ्यांपुरता थोडा घ्यावा.

हंगामात आवक वाढली की भाव उतरतात, तरी लग्नतिथीला ते चढतातच, त्यामुळे विक्रेत्याकडे मागणी आधीच नोंदवावी. फुले रचण्यासाठी वापरला जाणारा हिरवा फोम हे न कुजणारे प्लास्टिक आहे, तेव्हा सजावटकाराला फुले दोऱ्यात ओवायला किंवा पाण्याच्या भांड्यात मांडायला सांगावे. मग सर्व निर्माल्य निर्धास्तपणे खतात जाऊ शकेल.