लॅटिनचे रंगीत तक्ते आणि न सुटणारा भविष्यकाळ

प्रश्न: मी बीएला आहे, हौस म्हणून लॅटिन शिकतेय. क्रियापदांच्या चारही गटांचे तक्ते करून टेबलासमोर चिकटवलेत, प्रत्येक काळाला वेगळा रंग, रोज बघते. तरी उतारा वाचायला घेतला की काळ ओळखूच येत नाही, भविष्यकाळात तर हमखास गोंधळ. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तक्ते छानच असतील हो, पण रंग भलतीकडे लागलाय. अख्ख्या काळाला एक रंग दिला की लक्षात रंग राहतो, रूप राहत नाही, आणि पुस्तकात तर सगळं काळ्या शाईतच असतं. शेवटचे प्रत्यय म्हणजे ओ किंवा म, मग स, त, मुस, तिस, न्त, हे एक पूर्ण भूतकाळ सोडला तर जवळपास सगळीकडे तेच, त्यांना रंग कशाला? रंगवायचा तो मधला तुकडा. अमाबामुस म्हणजे आम्ही प्रेम करत होतो, अमाबिमुस म्हणजे आम्ही प्रेम करू, सगळा खेळ बा आणि बि चा, तेवढंच लाल करा, बाकी साध्या पेन्सिलीने.

आता तुमचा भविष्यकाळ. हा बि पहिल्या दोन गटांतच असतो, तिसऱ्या-चौथ्यात रेगम, रेगेस, रेगेत असं चालतं. म्हणजे मोनेत हा वर्तमानकाळ, तो बजावतो, आणि रेगेत हा भविष्यकाळ, तो राज्य करेल, शेवट मात्र दोघांचा सेम! नुसत्या शेवटाकडे बघून हे कुणालाच सांगता येणार नाही, आधी क्रियापद कुठल्या गटातलं ते माहीत हवं. म्हणून प्रत्येक क्रियापदाचं एक कार्ड करा, त्यावर चारही मूळ रूपं (मोनेओ, मोनेरे, मोनुई, मोनितुम, रेगो, रेगेरे, रेक्सी, रेक्तुम) आणि कोपऱ्यात गटाचा रंग. कार्ड रोमन लिपीतच लिहा बरं का. मोनेरेतला मधला ए दीर्घ, रेगेरेतला ऱ्हस्व, गट त्यावरनंच कळतो, आणि आपल्या देवनागरीत अ-आ वेगळे दाखवता येतात पण ए एकच, त्यामुळे दोन्ही सारखेच दिसतात. रोमनमध्ये दीर्घ ए वर आडवी रेघ मारायची, आळस करायचा नाही.

आणि भिंतीवरचे तक्ते काढून टाका सरळ. कोऱ्या कागदावर सहा चौकोन आखायचे, न बघता भरायचे, मग पुस्तकाशी ताडून बघायचे, जिथे चुकलं तेवढंच परत लिहायचं. बघून ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं.

प्रश्न: शाळेत संस्कृत शिकवलंय, आता निवृत्तीनंतर लॅटिन सुरू केलंय. धातुरूपांचा काही उपयोग होईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: होईल की सर! एका कागदावर डावीकडे अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति लिहा आणि उजवीकडे सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुन्त, मग नुसत्या रेघा जोडत जा, एकाच कुळातल्या भाषा, पाठ करायला फारसं उरतच नाही. द्विवचन तर नाहीच, तेवढी सुटका. फक्त आपले दहा गण लॅटिनच्या चार गटांवर बसवायला जाऊ नका, ते जुळत नाहीत, उगाच डोक्याला ताप.