वांगणीचं टू बीएचके की डोंबिवलीतली एकच बेडरूम?

«मावशी, नमस्कार. आम्ही डोंबिवली पूर्वेला 11,000 रुपये भाड्याच्या वन आरकेत राहतो. मी ठाण्याला लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मिस्टर मशीद बंदरला एका पेढीत हिशेब बघतात. दोघांचे मिळून हातात 62,000 येतात. मुलगी तिसरीत आहे. सासूबाई 67 वर्षांच्या, गुडघे दुखतात. शिल्लक 9 लाख. मिस्टरांनी वांगणीला 28 लाखांचा टू बीएचके पाहिलाय, ताबा दोन वर्षांनी. अक्षय्य तृतीयेला 51,000 टोकन द्यायचं म्हणतात. मला डोंबिवलीतला 38 लाखांचा जुना वन बीएचके आवडलाय, पण तो तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. यांचा एक मित्र डोंबिवलीतच 24 लाखांत नवा फ्लॅट मिळवून देतो म्हणतोय. मिस्टरांनी आईला स्वतःची खोली देईन असा शब्द दिलाय. मी काही बोलले की ‘तुला माझ्या आईची खोली खुपते’ असं ऐकावं लागतं. काय करू? – एक वाचक, डोंबिवली»

अगं पोरी, तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते शेवटचं वाक्य. तू लोकलच्या वेळा मोजतेस आणि तो आईला दिलेला शब्द मोजतो. दोघंही घरासाठीच झटताय, म्हणून त्याच्यावर रागावू नकोस. आयुष्य एका खोलीत काढलेल्या आईला म्हातारपणी दार लावून निजता यावं, ही इच्छा लहान नाही. पण ती खोली कुठे असावी, हे सासूबाईंना कुणी विचारलंय का? तुझ्या पत्रात तरी तसं दिसलं नाही.

तुम्ही दोघं सकाळी निघता, रात्री परतता. मुलगी अर्धा दिवस शाळेत. घरात सगळ्यात जास्त तास कोण असणार? सासूबाईच. डोंबिवलीत त्यांचा डॉक्टर आहे, भाजीवाला ओळखीचा आहे, चार बायकांत उठबस आहे. वांगणीला खोली मिळेल, पण अर्ध्या भरलेल्या नव्या इमारतीत दुपारी दोन वाजता चक्कर आली तर दार कुणाचं ठोठवायचं? मी स्वतः 1994 ते 2009 बदलापूरला राहिले. गाव मला आवडायचं, आजही आवडतं. पण 26 जुलै 2005 ला मी मुंबईत अडकले तेव्हा माझा दुसरीतला मुलगा दोन रात्री शेजारच्या काकूंकडे होता. त्यांनी त्याला जेवू घातलं, कुशीत निजवलं. त्या शेजाराची किंमत कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते, म्हणून आपण ती हिशेबात धरत नाही.

आता गाड्यांचं. वांगणीला कर्जत-खोपोलीच्याच लोकल. अंबरनाथ किंवा बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्यांचा तिथे काही उपयोग नाही आणि एक चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं. तुम्हा दोघांचाही जाता-येता मिळून रोज किमान सव्वा तास वाढेल. महिन्याचे 25 दिवस धरले तर प्रत्येकी तीस तासांच्या वर. ते तास मुलीच्या अभ्यासातून आणि तुझ्या झोपेतून जाणार.

पैशाच्या बाजूनेही 28 लाख हा आकडा खरा नाही. बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर 1 टक्का जीएसटी, वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स. दोन वर्षं इथलं भाडं भरायचं ते 2,64,000, आणि बँकेने बिल्डरला पैसे द्यायला सुरुवात केली की व्याजही चालू. ‘टू बीएचके’ म्हणताना फूट कुठले सांगितले तेही बघ. महारेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंद ठेवणारं सरकारी प्राधिकरण. त्याच्या साइटवर प्रकल्पाचा कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, असतो, तो आणि बिल्डरच्या माणसाने तोंडी सांगितलेला आकडा शेजारी ठेव. दोन बेडरूम म्हणून मिळतात त्या कधी कधी पलंग टाकला की संपतात. शिवाय त्या पट्ट्यातून उल्हास नदी जाते. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, हजारावर माणसं बाहेर काढावी लागली. म्हणजे तिथे राहूच नये असं नाही. पण ती जागा जुलैतल्या एखाद्या धो-धो दिवशी बघ, आणि पाणी कुठवर येतं ते स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला विचार.

मित्राच्या 24 लाखांच्या फ्लॅटबद्दल मात्र माझं एकच उत्तर आहे: नको. डोंबिवलीतच 65 इमारतींचं प्रकरण झालं. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवले, लोकांनी कर्जं काढून घरं घेतली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. नुसता रेराचा नंबर पुरत नाही. दस्त नोंदवला गेला म्हणून इमारत अधिकृत ठरत नाही, आणि बँकेने कर्ज दिलं म्हणूनही नाही. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जायचं आणि तो खरा आहे का ते विचारायचं. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, इमारतीत राहायला परवानगी असल्याचा पालिकेचा दाखला, नसेल तर तिथूनच परत फिरायचं. बाजारभावापेक्षा एवढं स्वस्त घर दिसलं की आपल्याला हायसं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच आपण विचारायचं थांबतो.

तुझा 38 लाखांचा फ्लॅटही मला पटत नाही, हे स्पष्ट सांगते. 30 लाख कर्ज घेतलंस तर साडेआठ टक्के व्याजाने, वीस वर्षांसाठी हप्ता 26,000 च्या आसपास. वरचे 8 लाख आणि मुद्रांक-नोंदणीचे अडीच लाखांहून जास्त तुम्हालाच घालायचे, म्हणजे शिल्लक संपून वर उसनवारी. आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने? सासूबाई महिन्यातून दोनदा खाली उतरतील. मग डोंबिवलीत राहून त्यांना काय मिळालं?

तुमच्या मिळकतीला हप्ता 22,000 च्या वर जाऊ नये असं मला वाटतं. म्हणजे कर्ज 25 लाख. नऊपैकी दीड लाख बँकेतच राहू द्या, आजारपणाला आणि नोकरीतल्या खंडाला. उरलेल्या साडेसातात 5 लाख घराला आणि बाकीचे कागदपत्रांना. घर बसतं 30 लाखांचं. तेवढ्यात लिफ्टचा किंवा पहिल्या मजल्याचा रिसेल वन बीएचके बघा: कल्याण पूर्वेला, अंबरनाथला, डोंबिवलीत नशीब लागलं तर तिथेही. अंबरनाथहून सुटणाऱ्या लोकल आहेत, सकाळी बसायला जागा मिळते. म्हाडाच्या कोकण मंडळाची शिरढोण, खोणीची घरंही जाहिरातीत येतात, पण स्टेशन लांब आहे. बस कितीला आणि रात्री शेवटची कधी, हे स्वतः जाऊन बघा.

या आकड्यात बसण्याचा आणखी एक फायदा. 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) नव्या टप्प्यात वार्षिक 9 लाखांपर्यंत उत्पन्न, 35 लाखांपर्यंतचं घर आणि 25 लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर व्याजापोटी जास्तीत जास्त 1,80,000 रुपये पाच हप्त्यांत मिळू शकतात. अट अशी, की कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. गावच्या घराच्या नमुना 8 उताऱ्यावर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, मिस्टरांचं नाव आहे का, ते आधी बघून घे. आणि घर फक्त तुझ्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, म्हणजे तुमचे 30,000 वाचतील. पण त्यावरून घरात कटुता येणार असेल तर दोघांच्या नावावर घ्या आणि ती सूट सोडून द्या.

रिसेल घेताना ओसी, आधीच्या सगळ्या करारांची साखळी, भाग दाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट), सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, एवढं एका वकिलाकडून तपासून घ्या. इमारत 15 वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. वकिलाचे पैसे वाचवायला जाऊ नका.

राहिली खोली. वन बीएचकेतली बेडरूम सासूबाईंना आणि नातीला द्या, तुम्ही दोघं हॉलमध्ये झोपा. यात तुमचा एकांत जातो हे मला कळतं, आणि ती किंमत लहान नाही. पण सासूबाईंना दार मिळतं, दिलेला शब्दही राहतो. मिस्टरांना हे सांगताना वांगणीचं नाव काढू नकोस. म्हण, ‘आईंची खोली मलाही हवी आहे, फक्त ती त्यांना चालत गाठता येईल अशी हवी.’

येत्या रविवारी तिघं मिळून सासूबाईंना वांगणीला घेऊन जा. लोकलनेच जा, रिक्षाने त्या इमारतीपाशी उतरा, आसपास फिरून त्यांना बघू दे. पुढच्या रविवारी अंबरनाथला तसंच करा. टोकनचे 51,000 तोवर बँकेतच राहू देत. सासूबाई काय म्हणाल्या ते मला नक्की लिही.

– मावशी