दाताची तात्पुरती कॅप चावताना उंच लागते, चालेल का? कायमची बसवताना काय पाहावे?

उंच लागत असेल तर 'सवय होईल' म्हणून थांबू नका. सगळा भार त्या एकाच दाढेवर येतो आणि घास चावताना कळ येते. डॉक्टर निळा कागद चावायला देतात, गडद ठिपका उमटेल तिथे घासतात. काही मिनिटांचेच काम. भूल उतरल्यावर पुन्हा चावून पाहा, बधिर जबड्याला फरक कळत नाही.

तात्पुरती जरा खडबडीत चालते, हलणारी नाही. तिचे सिमेंट कच्चे असते, म्हणून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) बाजूने सरकवून काढा. निघालीच तर लगेच बसवून घ्या; शेजारचे दात सरकले की कायमची बसत नाही.

कायमचीला मात्र सवलत नाही. फ्लॉस दोन्ही बाजूंनी टचकन आत जावा, हिरडीपाशी अडकू नये, फाटू नये. कड उघडी राहिली तर आत कीड लागते. खटकले तर पक्की चिकटवण्याआधीच सांगा.